ओढ्याकाठची मोकळी जागा

आमचे हे गेल्यानंतरची पहिली ग्रामसभा आली, तेव्हा ग्रामपंचायतीचा शिपाई नेहमीसारखा सांगायला घरी आला. दारात उभा राहून "साहेब हायेत का?" असं त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तो आपल्या चपलांकडे बघत राहिला. मी त्याला पाणी दिलं. सभा किती वाजता आहे ते विचारलं आणि म्हटलं, "मी येते."

का म्हटलं, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्याआधी मी एकदाही ग्रामसभेला गेले नव्हते.

आमचं गाव जालन्याला खेटून आहे. पूर्वी शहर आणि गाव यांच्यामध्ये ज्वारी-कपाशीची रानं होती. आता रानांचे प्लॉट झाले आणि कुठं शहर संपतं, कुठं गाव लागतं ते रिक्षावाल्यांनाही सांगता येत नाही. एका अंगाला जुनं गावठाण, दुसऱ्या अंगाला आमची कॉलनी. कॉलनीत शिक्षक, बँकेतले, कोर्टातले, सळईच्या कारखान्यांतले सुपरवायझर, आणि जुन्या जालन्यातली गल्ली सोडून आलेली दोन-तीन मारवाडी व्यापाऱ्यांची घरं. कॉलनीतले लोक सभेला फारसे जात नाहीत. पाणी आलं नाही तर मोबाईलवर तक्रार टाकतात.

हे मात्र रिटायर झाल्यापासून एकही सभा चुकवत नसत. गावी कोणाचं लग्न असलं तरी सभेची तारीख बघून निघायचे. मी चिडवायची, "तुम्हाला काय सरपंच व्हायचंय का?" ते म्हणायचे, "बसून येतो." पेन्शनर माणसाला कुठंतरी जायला लागतं, असं समजून मी पुढं काही विचारलं नाही.

सभा ग्रामपंचायतीच्या वरच्या हॉलमध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, आणि समोर टेबलामागं सरपंचबाई. त्यांच्या बाजूला त्यांचे मालक, कारण बोलायचे तेच. बरीच माणसं उभी होती, तरी खिडकीजवळची शेवटची खुर्ची रिकामी होती. ग्रामसेवक म्हणाले, "काकू, बसा ना तिथं. साहेबांची जागा आहे ती." मी बसले. खिडकीतून ओढा दिसत होता आणि ओढ्याकाठचं गायरान. गायरान म्हणजे गावाची सामाईक पडीक जमीन. काटेरी झुडपं, वाळलेलं गवत, मधे एक-दोन कडुनिंब.

विषय वाचले जात होते. नाली, दिवाबत्ती, शाळेची भिंत. मग ग्रामसेवकांनी वाचलं, गायरानात दुकानांचे गाळे बांधणे. आणि ते थांबले. त्यांनी माझ्या खुर्चीकडं पाहिलं. सरपंचबाईंनी पाहिलं, पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनीही मान वळवून पाहिलं. सगळे कशाची तरी वाट बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही न्हाई काकू," ग्रामसेवक म्हणाले. "या विषयावर साहेब दर वेळी उठायचे. सवय झाली आम्हाला."

त्या दिवशी सभेला पुरेशी माणसं नव्हती, म्हणून गाळ्यांचा विषय पुढं ढकलला गेला. मी जिना उतरताना माझ्या पाठीमागं कोणीतरी हळू म्हणालं, "त्यांला माहीत न्हाई वाटतं."

दुसऱ्या दिवशी मी गावठाणात दूधवाल्या मामांकडं गेले. आम्ही जुन्या जालन्यात भाड्यानं राहत होतो तेव्हापासून हे मामा आम्हाला दूध घालत. आता त्यांची नजर अधू झाली होती, म्हशी मुलगा बघायचा. मी ओट्यावर बसले आणि सरळ विचारलं, "मामा, ह्यांची गायरानाबद्दल हरकत काय होती?"

मामा म्हणाले, "वहिनी, साहेबांनी कधीच सांगितलं न्हाई? मला वाटलं, इथं घर बांधलं तवाच सांगितलं असंल."

इथं मला मागचं सांगितलं पाहिजे. आम्हाला पहिली मुलगी झाली होती. सातव्या महिन्यात झाली, काचेच्या पेटीत ठेवली, आणि काही दिवसांतच गेली. मी तापानं फणफणलेली दवाखान्यात होते. तिला नेलं तेव्हा मला कोणी उठवलं नाही. घरी आले तर माझ्या आईनं शिवलेली झबली कपाटातून काढून टाकलेली होती. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात, आणि बायका तिथं जात नाहीत, हे मला माहीत होतं. ह्यांना मी एकदाच विचारलं, "कुठं?" ते म्हणाले, "चांगल्या जागी." पुढं मुलगा झाला. तो वाढला, शिकला, पुण्याला गेला. आमच्या घरात तो विषय निघाला नाही. तिला नावही ठेवलं नव्हतं, त्यामुळं तिच्याबद्दल बोलायचं तर सुरुवात कुठून करायची तेही कळत नसे.

मामा सांगत होते. "मी सकाळचं दूध घेऊन आल्तो. साहेब जिन्यात उभे. हातात पोरगी, टॉवेलात. तुमचं गाव पार तीर्थपुरीकडं, कडक उन्हाळा, एस.टी.नं कसं नेणार? म्या म्हटलं, साहेब, आमच्या गावात नेऊ. ओढ्याकाठी आमची लेकरं ठेवत्येत. दुधाचे कॅन तिथंच उतरवले. साहेब सायकलीच्या कॅरियरवर बसले, मांडीवर पोरगी."

मी विचारलं, "गावातल्या लोकांना माहीत आहे?"

"आमच्या लोकांला समदं माहीत असतं वहिनी. कोणाच्या घरातलं कोण तिथं न्हाई? पण बोलत न्हाईत. अशा लेकरांचं नाव काढलं की ती परत फिरत्यात म्हणत्येत, म्हणून. साहेब सभेत उठायचे, म्हणायचे, जागा मोकळी राहू द्या. पाण्याची टाकी आली तवा उठले, रस्ता आला तवा उठले. कारण त्यांनी कधी सांगितलं न्हाई, आन आम्ही कोणी इचारलं न्हाई."

मी घरी येऊन पलंगावर बसले. प्लॉट घ्यायच्या वेळचं आठवलं. ऑफिसातले सगळे अंबड रोडला घेत होते. ह्यांनी इथं घेतला. पाणी चांगलं आहे म्हणाले. स्वयंपाकघराची मोठी खिडकी ओढ्याच्या अंगाला घेतली. मिस्त्री म्हणाला होता, साहेब, उन्हाचा त्रास होईल. "होऊ द्या," म्हणाले. त्या खिडकीशी उभी राहून मी वर्षानुवर्षं पोळ्या केल्या होत्या. गच्चीवर पापड वाळत घालताना त्या गायरानाकडं पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, किती घाण जागा आहे.

मला तेच सहन होईना.

त्यानंतर ती खिडकी मला सुखानं उघडता येईना, आणि लावून घेता तर त्याहून येईना. माझ्या आता लक्षात यायला लागलं की तिथं शेळ्या चरायला जात नाहीत. जात नाहीत म्हणजे गुराखी नेत नाहीत. काठावर सीताफळाची झाडं आहेत, फळं पिकून गळून जातात, कोणी तोडत नाही. गावठाणातल्या बायका त्या वाटेनं जाताना डोक्यावरचा पदर पुढं ओढतात. इतकी वर्षं हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. संध्याकाळी दिवा लावून मी बाहेर बघायची, तर कडुनिंबाजवळ कधीकधी एक माणूस पाठमोरा उभा दिसायचा, हात मागं बांधलेले. हे तसेच उभे राहायचे. मी चष्मा पुसून बघायची तोवर तो चालायला लागलेला असायचा. कोणी शेतकरी असणार. माझं मन मला तसं सांगायचं आणि तरी गॅसवरचं दूध उतू जायचं.

आणखी एक व्हायचं. दुपारी डोळा लागला की कोणाला तरी घरात बोलवायचं राहून गेलंय, असं वाटून जाग यायची. बाहेर ऊन असायचं. कोणाला बोलवायचं, कोणत्या नावानं, हे कळायचं नाही.

गाळ्यांचा विषय मागं पडला, पण मी दर सभेला जायला लागले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. मग कॉलनीतून नवीन मागणी आली, बागेची. ती मागणी सगळ्यांत जोरात करत होत्या शेजारच्या भाभी. त्यांच्या घरची जुन्या जालन्यात कापडाची पेढी, पिढ्यानपिढ्या इथलेच. भाभींची नात चार वर्षांची होती. तिला खेळायला रस्त्याशिवाय जागा नव्हती, आणि रस्त्यावरून मुरमाचे टिप्पर धावत. भाभींचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. त्या मला सभेला बोलवायला यायच्या, आम्ही दोघी बरोबर जायचो. हे गेले तेव्हा महिनाभर त्यांनीच माझ्या घरी दोन्ही वेळचा डबा पाठवला होता.

एका संध्याकाळी भाभी आणि कॉलनीतले दोघं तरुण बागेचा नकाशा घेऊन माझ्याकडं आले. मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते. इंजिनिअरांचे नकाशे पारदर्शक मेणकापडावर उतरवून काढायचे, हे माझं नोकरीभरचं काम. त्यामुळं कॉलनीत नकाशा म्हटला की माझ्याकडं येतो. "काकू, बघा, बराबर आहे का सगळं," असं म्हणून त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला. वरती मोठ्या अक्षरात 'बालोद्यान' लिहिलं होतं. घसरगुंडी, झोपाळे, वाळूचा हौद, कडेनं चालायची वाट. आधी जेसीबीनं सगळं सपाट करायचं, असं एका कोपऱ्यात लिहिलेलं. सवयीनं माझा हात पेन्सिलीकडं गेला. दुसऱ्यांच्या धरणांच्या, कालव्यांच्या जागा मी आयुष्यभर कागदावर बिनचूक उतरवल्या होत्या. इथं पेन्सिल कुठं टेकवायची, ते मला माहीत नव्हतं.

तरुण गेल्यावर मी भाभींना थांबवलं आणि सांगितलं. माझ्या मुलीबद्दल, मामांच्या सायकलीबद्दल, तिथं गावातली किती लेकरं असतील त्याबद्दल.

भाभींचा चेहरा उतरला. त्या नकाशाकडं बघत राहिल्या. "ताई, माझी पिंकी रोज तिथं कडेला खेळते," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. नकाशा टेबलावरच राहिला. त्यानंतर त्या माझ्याकडं आल्या नाहीत. नातीला घराबाहेर सोडणं बंद झालं. त्यांच्या दाराला काळा दोरा आणि लिंबू-मिरची बांधलेली दिसली. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. मी स्वतः संध्याकाळी खिडकीजवळ जायला घाबरत होते, त्यांना काय बोलू?

बागेची सभा आली तेव्हा हॉल भरला होता. कॉलनी पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं आली होती. गावठाणातल्या बायकाही आल्या होत्या, मागं भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. ग्रामसेवकांनी विषय वाचला. "कोणाची हरकत?" असं विचारून त्यांनी माझ्याकडं पाहिलंच.

मी उठले. म्हटलं, "तिथं जेसीबी लावू नका."

"कारण काय लिहू काकू?"

"तिथं लहान लेकरं आहेत."

कॉलनीतला एक तरुण चांगुलपणानं म्हणाला, "काकू, तेच तर आम्ही म्हणतोय. लहान मुलं आहेत म्हणूनच बाग पाहिजे." दोघं-तिघं हसले.

हॉलच्या पुढच्या भागात कुजबुज चालू राहिली, पण मागं, भिंतीशी, एकदम सगळं शांत झालं होतं. तिथून एक म्हातारी बोलली. उठली नाही, बसल्या जागेवरूनच, आणि फार मोठ्यानंही नाही.

"माझे दोन हायेत तिथं."

तरुणानं मागं वळून पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे मातीत हायेत बाबा. एक नऊ दिवसांचं, एक वर्साचं व्हऊन गेलं."

मग तिच्या बाजूची बोलली. "आमच्या थोरल्या जावंचं हाये." आणखी एक जण म्हणाली, "माझी पोरगी." पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. कॉलनीतली माणसं एकमेकांकडं बघत होती. तेवढ्यात मला माझ्या हातावर हात जाणवला. भाभी कधी येऊन शेजारी उभ्या राहिल्या होत्या, मला कळलं नव्हतं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, समोर बघत होत्या.

ग्रामसेवकांचं पेन कागदावर थांबलं होतं. "हे मी कसं लिहू?" त्यांनी विचारलं. "कागदोपत्री तर पडीक आहे."

सरपंचबाईंचे मालक काहीतरी सांगायला लागले होते. सरपंचबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. त्या गावठाणातल्याच सून. इतक्या सभांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "लिहू नका काही. आज सभा तहकूब करा. खंदायचं न्हाई, एवढं मात्र ठरलं."

बाग झाली. ते मी लपवत नाही. पुढच्या सभेत दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडलं. रस्त्याकडच्या भागात बाग करायची, जमीन न खणता वर माती टाकून करायची, आणि ओढ्याच्या अंगाची जागा तारेचं कुंपण घालून तशीच ठेवायची. भाभींनीच कॉलनीतल्या लोकांना हे पटवलं. पण कुंपण कुठून घालायचं, हा प्रश्न निघाला. लेकरं नेमकी कुठं, ते कोणी सांगायचं?

मामांना बोलावलं. त्यांच्या मुलानं हात धरून त्यांना आणलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेत पाय ठेवला. गवत गुडघ्याएवढं होतं. मामा कडुनिंबापर्यंत गेले, थांबले, ओढ्याच्या आवाजाकडं कान केला, पण ओढ्याला पाणी नव्हतं. "इथं असंल," म्हणाले. मग पुढं गेले. "न्हाई, तवा ओढा अलीकडून व्हता. मंग इथं." गावठाणातल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्यानं वेगळीच जागा दाखवली. मामा परत फिरले आणि चालत चालत कॉलनीच्या सिमेंटच्या रस्त्यावर येऊन उभे राहिले, आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर. त्यांचा पाय रस्त्याला लागला तसे ते गोंधळले. "हे काय हाये?" त्यांनी मुलाला विचारलं.

"रस्ता आहे बाबा. कवाच झाला."

मामा तिथंच उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "मामा, राहू द्या. पण ह्यांना तरी नक्की माहीत होतं ना?"

ते म्हणाले, "साहेबांला कुठं माहीत व्हतं वहिनी? इथं घर बांधलं त्या सालीच मला घेऊन आल्ते. दोघांनी लई शोधलं. दगड ठेवला व्हता आम्ही, तो काही सापडला न्हाई. म्हणून तर म्हणायचे, समदीच जागा मोकळी ठेवा."

त्या रस्त्यावरून मी रोज भाजी आणायला जायची. हेही जायचे. कधीकधी ते रस्ता सोडून कडेच्या मातीतून चालायचे, आणि मी म्हणायची, चिखलात कशाला जाता?

कुंपण शेवटी अंदाजानं घातलं. आता बागेत मुलं असतात, भाभींची नातही असते. मी संध्याकाळी बाकावर जाऊन बसते. पाय जमिनीला टेकवताना आजही क्षणभर थांबते. मामा गेल्या थंडीत गेले. आता तिथलं काही आठवणारं असं फारसं कोणी राहिलं नाही.

परवाच्या सभेत नवीन विषय आला. आमचं गाव शहराच्या हद्दीत घ्यायचं चाललंय. मग ग्रामपंचायत राहणार नाही, ही सभाही राहणार नाही. नवा विकास आराखडा होईल, कुठं घरं, कुठं दुकानं, कुठं रस्ते याचे रंग नकाशात नव्यानं भरले जातील. मी विचारलं, "मोकळ्या जागांचं काय?" ग्रामसेवक म्हणाले, "ते आता वरून ठरंल काकू. आमच्या हातात काही राहणार न्हाई."

घरी येताना ती 'माझे दोन' म्हणणारी म्हातारी माझ्या पुढं चालत होती. कुंपणापाशी ती थांबली, म्हणून मीही थांबले. आतलं गवत वाळलं होतं. ती तारेला हात लावून उभी राहिली. तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "तुमचं काय व्हतं? पोरगा का पोरगी?"

"मुलगी."

"मंग हायेत माझे तिच्या संगं," ती म्हणाली आणि गावठाणाच्या वाटेला लागली. मी आणखी थोडा वेळ तिथं उभी राहिले. मग अंधार पडायला लागला, आणि मला कुकर लावायचा होता.